मशीनचा आवाज अण्णांनी ओळखला

10 जानेवारी 2024, बुधवार. त्या आठवड्यात नाशिकमध्ये जिकडेतिकडे झाडलोट आणि रंगरंगोटी चालली होती. 12 तारखेला राष्ट्रीय युवा महोत्सवाच्या उद्घाटनाला पंतप्रधान येणार होते. तपोवनात भला मोठा मंडप पडला होता आणि पंचवटीकडचे रस्ते कधी बंद होतील याचा नेम नव्हता. त्यामुळे पिंपळगाव बसवंतहून निघालेले अण्णा कॅनडा कॉर्नरच्या माझ्या सहलींच्या ऑफिसात तासभर उशिरा पोचले. सोबत थोरला मुलगा, वहिनी म्हणजे अण्णांच्या मंडळी, आणि धाकटी सून. पिशवीत तिळाच्या वड्यांचा डबा आणि उरलेल्या रकमेचा चेक.

अण्णांचं ट्रॅक्टर आणि ब्लोअर (ट्रॅक्टरमागचं फवारणीचं यंत्र) दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या सुरू झाल्या की त्यांना जेवायला उसंत नसते. जानेवारीत जरा हात मोकळा होतो, म्हणून घरातल्या चौदा माणसांनी संक्रांत झाली की 16 तारखेला काश्मीरला निघायचं ठरवलं होतं. नातवंडांना हवी होती स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारं मशीन. मुलांना गोल फिरवून आणतात तसली दहा मिनिटांची चक्कर नको, चांगली दोन तासांची सफर हवी. सहा मशीन, प्रत्येकावर चालवणारा माणूस आणि मागे आपली दोन-दोन, तीन-तीन माणसं. गुलमर्गच्या एका मशीनवाल्याकडे मी माणशी दोन हजारांप्रमाणे 28,000 रुपये आगाऊ भरले होते.

मला मात्र चार दिवस चैन नव्हतं. गुलमर्गचे जे फोटो येत होते त्यांत करडं, वाळलेलं गवत दिसत होतं. काश्मिरी लोक ज्याला चिल्लई कलाँ म्हणतात, तो चाळीस दिवसांचा कडक हिवाळा 21 डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीअखेर संपतो. जो बर्फ पुढे टिकतो तो याच दिवसांत पडायला हवा. त्यातले वीस दिवस कोरडे गेले होते. मशीनवाला फोनवर एकच सांगत होता, खाली नसला तरी वर भरपूर आहे, बेफिकीर या. व्हिडिओ मागितला तर त्याने पाठवलाही. त्यात देवदार बर्फाने वाकले होते आणि कुंपणाचे खांब अर्धे बुडाले होते. तो व्हिडिओ मी आदल्या वर्षी फेब्रुवारीत पाहिलेला होता.

म्हणून टंगमर्गच्या आमच्या नेहमीच्या ड्रायव्हरला मी एक काम सांगितलं. टंगमर्ग ते गुलमर्ग 13 किलोमीटर, पुढे गोंडोला नावाच्या रोपवेच्या पहिल्या टप्प्याने कोंगडोरी. तिथे स्वतः जा, मशीन चालू असेल तर जवळ उभं राहून मिनिटभर शूट कर आणि आपल्या तोंडाने तारीख बोल.

अण्णा चहा पीत होते तेव्हा त्याचा व्हिडिओ आला.

मी तो लगेच लावला नाही. आधी अण्णांना मशीन समजावून सांगितलं, कारण ते समजलं तर निर्णय तेच घेतील असं मला वाटत होतं. पुढे दोन स्की, त्यांच्यावर हँडल. मागे रुंद रबरी पट्टा, रणगाड्याला असतो तसा. इंजिनाची ताकद बेल्टने आणि दोन पुल्यांनी पट्ट्यापर्यंत जाते, गिअर टाकायचे नसतात. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जोसेफ-आर्मांड बोंबार्दिए नावाच्या मेकॅनिकने 1930 च्या दशकात बर्फावर चालणाऱ्या गाड्यांसाठी हा पट्टा फिरवणारं दातेरी चाक बनवलं. आपण आज पाहतो तशी छोटी स्की-डू त्यांच्या कंपनीने 1959 मध्ये आणली. अण्णांना यातलं दातेरी चाक आवडलं. त्यांनी माझ्या पॅडवर लगेच त्याचं चित्र काढून पाहिलं.

"थंड कशानं होतं?" त्यांनी विचारलं.

हाच तो प्रश्न. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला तो विचारला नव्हता. काही मशीनना पंखा असतो. काहींना आपल्या गाडीसारखं पाणी असतं, पण त्यांना समोर रेडिएटरची जाळी नसते. पट्ट्याच्या वरच्या बोगद्यातून पाण्याच्या नळ्या जातात आणि पट्टा फिरताना जो बर्फ उडून वर आदळतो, तोच ते पाणी गार करतो. त्याशिवाय पट्टा ज्या दोन लांब रुळांवरून सरकतो, त्यांच्या तळाला प्लास्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना ना ग्रीस लागतं ना तेल. उडणाऱ्या बर्फाचा ओलावा हेच त्यांचं वंगण.

"म्हणजे बर्फ नसला तर पाणी उकळणार आणि प्लास्टिक वितळणार."

"हो."

"आणि उंचीवर इंजिन पडतं ते वेगळंच. कार्बोरेटरचा जेट बदलावा लागत असंल."

तेही खरं होतं. दर तीनशे मीटरला इंजिनाची साधारण तीन टक्के ताकद जाते. गुलमर्ग 2,650 मीटरवर आहे आणि कोंगडोरी तीन हजारांच्या वर. म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास ताकद आधीच गेलेली, वर तीन माणसांचं ओझं.

मग मी व्हिडिओ लावला. ड्रायव्हरने तारीख बोलली. सावलीतल्या उतारावर मळकट पांढरा पट्टा उरलेला, बाकी माती आणि दगड. त्या पांढऱ्यावर एक मशीन चाललेलं. मुलगा म्हणाला, "चालतंय की!" अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला, स्पीकर कानाला लावला आणि डोळे मिटले. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा फक्त आवाज ऐकला. ऑफिसात कुणी बोलेना.

"हे ऐका ताई. इंजिन चढतंय पण गती नाही चढत. बेल्ट घसरतोय. आणि खाली करकर येतेय ती दगडाची नाही, सारखी एका सुरात येतेय. कोरड्यावर काहीतरी घासतंय. तुम्ही म्हणता ती पट्टीच असंल." मग फोन टेबलावर ठेवून म्हणाले, "हे मशीन कुणी माझ्याकडं आणलं असतं तर मी त्याला म्हटलं असतं, आधी बंद कर बाबा."

बर्फाचं मशीन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण चाळीस वर्षं इंजिनं ऐकणारा कान होता तो. मला जे सांगायला चार दिवस शब्द सापडत नव्हते, ते त्यांनी मिनिटात सांगितलं.

त्याच वेळी मी त्यांना 2018 ची गोष्ट सांगितली. त्याही हिवाळ्यात बर्फ कमी होता. माझ्या ग्रुपमधल्या नाशिकरोडच्या एक ताई मशीनवर मागे बसल्या होत्या. वरून सगळं पांढरं दिसत होतं. रात्री गोठून काचेसारखा झालेला जेमतेम वीतभर थर आणि त्याखाली दगड. गोठलेल्या बर्फावर स्कीच्या तळाची धारेची पट्टी धरत नाही, हँडल वळवलं तरी मशीन सरळ जातं. ते दगडावर चढलं, कलंडलं आणि ताईंचं मनगट मोडलं. टंगमर्गपर्यंत मी त्यांचा हात माझ्या मांडीवर उशी ठेवून धरला होता. माझा तिथल्या माणसावर विश्वास होता आणि मी विचारायचं ते विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी दाबलेला एक फूट बर्फ असल्याशिवाय मशीनची सफर लावत नाही. तो एक फूट कुणी, कधी आणि कुठे मोजला हेही विचारते.

थोरला मुलगा नाराज झाला, आणि ते साहजिक होतं. पोरांनी शाळेत सांगून ठेवलं होतं. "मग मनालीला जाऊ," तो म्हणाला. पण मनालीजवळच्या सोलंगलाही तीच गत होती, त्या जानेवारीत हिमाचलही कोरडा होता. "बरं, बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी निघू." याला मी जरा जोरातच नाही म्हटलं असणार, कारण सूनबाई दचकल्या.

कारण पहिला मोठा बर्फ पडतो ते दिवस जास्त धोक्याचे. आधी पडलेला पातळ थर बरेच दिवस कोरड्या थंडीत राहिला की आतून सुटा, दाणेदार होतो, साखरेसारखा. त्यावर दोन-तीन फूट ताजा बर्फ बसला तर तो साखरेवर ठेवलेल्या फरशीसारखा असतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर तो अख्खा सुटून खाली येतो. 1 फेब्रुवारी 2023 ला गुलमर्गच्या वरच्या अफरवाट डोंगराच्या उतारावर हिमकडा कोसळून पोलंडचे दोन स्कीअर गेले होते. दबलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुतेक वेळा वाचतो, त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. गुलमर्गचं कुरण सपाट आहे, तिथे ही भीती नाही. पण मशीनवाले जास्त पैशांत "थोडं वर" नेतो म्हणतात आणि पोरं हट्टाला पेटतात. म्हणून बर्फ पडल्यावर तीन-चार दिवस जाऊ द्यायचे, हिमस्खलनाचा इशारा पाहायचा आणि मशीन कुठवर जाणार हे इथे नाशिकमध्येच ठरवायचं.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "पैसे किती बुडतील?"

मी कागदावर मांडलं. विमानाची तारीख बदलायला माणशी 3,500, म्हणजे चौदा जणांचे 49,000. हॉटेलवाल्याशी मी सकाळीच बोलले होते, तो तारखा विनाकपात पुढे ढकलायला तयार होता. आठ वर्षांचे संबंध तिथे उपयोगी पडले. मशीनवाल्याचे 28,000 मात्र धोक्यात. फेब्रुवारीच्या मधल्या वारांची तिकिटं थोडी स्वस्त होती, त्यातून नऊ-दहा हजार भरून निघत होते. 49,000 हा आकडा लिहिताना माझा हात जड झाला होता. पिंपळगावात एवढ्या पैशांत एका मिस्त्रीचे दोन पगार होतात, हे मला ठाऊक होतं.

अण्णांनी कागद पाहिला, चेक खिशात परत ठेवला आणि म्हणाले, "7 फेब्रुवारी लिहा."

मशीनवाल्याला मी त्यांच्यासमोरच फोन लावला. त्याने आगाऊ रक्कम परत द्यायला साफ नकार दिला. मशीन चालू आहे, तुम्हीच येत नाही, असं त्याचं म्हणणं. पंधरा मिनिटं वाद झाला. माझ्याकडे लेखी अट नव्हती, बर्फ मोजून नसेल तर पैसे परत, अशी. आता ती प्रत्येक बुकिंगमध्ये असते. त्या 28,000 पैकी निम्मे मी सोसले, कारण माणूस मी निवडला होता. अण्णा ते घ्यायला तयार नव्हते. पण वहिनींनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं आणि म्हणाल्या, "ताईंचं बरोबर हाये."

मग कपड्यांचा विषय निघाला आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. वहिनी साडीच नेसणार होत्या. थंडीला त्या घाबरत नव्हत्या, निफाडची थंडी बघितलेलं माणूस. पण निफाडला पारा चारवर उतरतो तेव्हा आपण शेकोटीपाशी बसलेलो असतो. उणे दहात मशीन चाळीसच्या वेगाने निघालं की उघड्या गालाला उणे एकवीससारखं लागतं. आणि पदर पट्ट्यात ओढला गेला तर माणूस खाली खेचला जाईल. अण्णांच्या मफलरचंही तेच. ब्लोअरच्या शाफ्टमध्ये उपरणं अडकलेला माणूस अण्णांनी एकदा सोडवला होता. त्यांनी तिथेच मफलर काढून पिशवीत टाकला. शेवटी ठरलं, साडी हॉटेलात, मशीनवर पँट आणि आखूड जाकीट. आत सुती बनियन कुणीही घालायचं नाही, घाम आला की ते ओलं राहून अंग गार पाडतं. लोकरी किंवा थर्मल घालायचं. गमबूट टंगमर्गला भाड्याने मिळतात, ते एक नंबर मोठे घ्यायचे. दोन-दोन मोजे घालून पाय आवळला की बोटं आधी बधिर होतात. गॉगल, हातमोजे, हेल्मेट. हेल्मेटं मी मोजून मागवणार होते, पोरांच्या मापाची वेगळी.

तीन वाजता ते गेले. मी तिळाची वडी तोंडात टाकली तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

बर्फ जानेवारी संपता संपता पडला. चिल्लई कलाँचे शेवटचे दिवस आणि फेब्रुवारीचे पहिले काही दिवस, असा सलग. तीच मंडळी 7 तारखेला निघाली. मशीनवाला दुसरा होता, तोही आमच्या ड्रायव्हरने बघून ठरवलेला. ड्रायव्हरने कुरणात चार ठिकाणी काठी खुपसून फोटो पाठवले होते, काठीवर फुटाच्या खुणा केलेल्या. सकाळी दहाला, ऊन पडून वरचा कडक थर जरा नरम झाल्यावर सहा मशीन निघाली आणि सपाटीवरच राहिली.

परतल्यावर अण्णा ऑफिसात आले ते कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. काळं, वीतभर लांब प्लास्टिक. त्यांनी तिथल्या मेकॅनिकशी दोस्ती केली होती. भाषा अर्धी कळली, बाकीचं हातांनी. जानेवारीत कोरड्यावर चाललेल्या एका मशीनच्या रुळावरून काढलेली पट्टी त्याने त्यांना दिली होती. एका बाजूने नीट, दुसऱ्या बाजूने वितळून मेणासारखी ओघळलेली. अण्णांनी त्या ओघळावर अंगठा फिरवला आणि पट्टी माझ्यासमोर ठेवली.

"हाच तो आवाज," ते म्हणाले.

ती माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. जानेवारीत कुणी स्नोमोबाईलसाठी हट्ट धरला की मी आधी ती त्यांच्या हातात देते.