दुसरा लोड गार

फोनवर कुणी म्हणालं, "पहिला लोड मस्त वाळतो, दुसरा गारच निघतो," की मी गाडी सुरू करण्याआधी गॅसचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॉइलचा जोड बॅगेत आहे का ते बघतो. अकरा वर्षं कपडे वाळवायचे गॅस ड्रायर उघडल्यावर एवढं कळतं. जानेवारीतला तो कॉलही असाच होता आणि कॉइलच गेली होती. निदान बरोबर होतं. तरी तीन आठवडे झाले, ते घर डोक्यातून जात नाही.

मी मूळचा इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. आता न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास, घरगुती मशीन दुरुस्त करतो. आपल्याकडे कपडे दोरीवर वाळतात, त्यामुळे गॅस ड्रायरमधली मुख्य गोष्ट सांगायलाच हवी. मोटर साध्या १२० व्होल्टवर फिरते, पण उष्णता येते खऱ्या आगीतून. मशीनच्या पोटात तासाला साधारण २२,००० बीटीयूचा बर्नर असतो, म्हणजे स्वयंपाकघरातल्या दोन मोठ्या बर्नरएवढी आच. या आगीला वेगळं धुराडं नाही. जळलेला वायू कपड्यांमधूनच ओढला जातो आणि कपड्यांच्या वाफेबरोबर चार इंची डक्टमधून घराबाहेर जातो. डक्ट तुंबला तर जे बाहेर जायचं ते सगळं घरात राहतं.

घर मराठी कुटुंबाचं. दुमजली टाउनहाउस, ड्रायर वरच्या मजल्यावर कपाटाएवढ्या खोलीत, शेजारच्या खोलीत मिरजेहून दिवाळीनंतर आलेल्या आजी. मुलगा-सून कामावर, म्हणून दार आजींनीच उघडलं. "ये रे बाळा, बूट राहू देत, बर्फ आहे," असं म्हणत त्या माझ्यामागोमाग जिना चढल्या. मुलाने फोनवर सांगितलं होतं की महिन्यापूर्वी दुसऱ्या एका कारागिराने इग्नायटर, म्हणजे तापून गॅस पेटवणारा भाग, बदलला आणि दीडशे डॉलर घेऊन गेला. चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

मला या गोष्टीचा राग येतो. इग्नायटर गेला आहे की नाही हे बघायला मीटरसुद्धा लागत नाही. खालचं पॅनल काढायचं, जमिनीवर आडवं पडायचं आणि बघत राहायचं. मशीन सुरू केलं की इग्नायटर आधी लाल, मग नारिंगी, मग पांढरट तापतो. अर्ध्या-एक मिनिटात शेजारचा फ्लेम सेन्सर ती धग ओळखतो आणि आपला संपर्क तोडतो. त्याबरोबर इग्नायटर विझू लागतो, दुसरी कॉइल व्हॉल्व्ह उघडते आणि भप्पकन निळी ज्योत नळीभर पसरते. इग्नायटर तापलाच नाही, तर तो किंवा त्याच्या आधीचं काहीतरी गेलं. तापून तसाच पेटता राहिला, तर सेन्सर. तापला, विझला आणि ज्योत आली नाही, तर कॉइल. आग स्वतः सांगते काय दुखतंय. हे दहा मिनिटं पडून बघायला वेळ नसेल, तर या कामाला हात लावू नये.

कॉइल फसवी असते ती वेगळ्या कारणाने. गार असताना मीटर लावलं तर आकडे अगदी पुस्तकातले येतात. पण तापल्यावर आतली तार कुठेतरी सुटते आणि व्हॉल्व्ह उघडायचा थांबतो. अर्ध्या तासाने गार झाली की परत शहाणी. म्हणून पहिला लोड गरम, दुसरा गार. मी आजींकडून दोन ओले टॉवेल मागून घेतले, मशीन चालवलं आणि पडून राहिलो. दोन वेळा ज्योत आली. सतराव्या मिनिटाला इग्नायटर तापला, विझला, पुढे काहीच नाही. पुन्हा तापला, पुन्हा विझला.

मी खाली पडलेलो असताना आजी त्यांच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. इचलकरंजी ते मिरज अशा गप्पा चालल्या होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "हे मशीन लावलं ना, की माझ्या खिडकीची काच घामेजते बघ. मी फडक्याने पुसते, परत येतं."

मी म्हणालो, "थंडीत इकडे सगळ्यांच्याच काचा घामेजतात, आजी."

कॉइल बदलल्या. वीस मिनिटं चालवून बघितलं. ज्योत प्रत्येक वेळी आली, निळी आली. मुलाला फोनवर विचारलं, "डक्ट साफ केलाय ना?" तो म्हणाला, "ऑक्टोबरमध्येच सगळं छप्पर नवीन केलं, वरचं सगळं नवीन आहे." डक्टचं तोंड छपरावर, छपरावर वीतभर बर्फ, आणि माझ्या फोनवर कंपनीचे आणखी तीन कॉल वाट बघत होते. आमच्याकडे दिवसाला किती घरं झाली ते मोजतात, कुठल्या घरात किती वेळ घालवायला हवा होता ते कुणी मोजत नाही. बर्नर समोरून उघडतो, त्यामुळे मशीन भिंतीपासून ओढायची गरज पडली नव्हती. बिलावर लिहिलं, "कॉइल बदलल्या, हीट ओके."

चौथ्या दिवशी परत फोन. आता पहिला लोडही गार.

या वेळी आत शिरल्यावर दोन मिनिटांत कळलं की थर्मल फ्यूज उडालाय. हा फ्यूज काही डॉलरचा असतो आणि एकदाच उडतो. या मॉडेलमध्ये तो गेला की ड्रम फिरत राहतो, बर्नर मात्र बंद. तो आपोआप जात नाही. बहुतेक वेळा हवा पुढे सरकत नाही आणि आत उष्णता कोंडते तेव्हाच जातो. फ्यूज हातात धरून मी उभा राहिलो आणि आजींची काच आठवली. तसाच त्यांच्या खोलीत गेलो. चौकटीखालचा रंग पोपडे धरून सुटला होता आणि कोपऱ्यात बुरशीचा काळा पट्टा होता. नुसत्या थंडीने सगळ्या खिडक्या अशा झाल्या असत्या. खालच्या मजल्यावर जाऊन पाहिलं, तिथल्या काचा कोरड्या होत्या.

मशीन ओढलं. मागचा लवचिक नळ भिंतीतल्या डक्टपासून निसटून लोंबत होता, क्लँप खाली पडलेला. पुढे वाट नसल्यामुळे दाबानेच तो सुटला असणार. भिंतीवर, मशीनच्या पाठीवर, वायरींवर लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटणारा कापसाचा भुगा, ओलसर आणि करडा, गोधडीसारखा चिकटला होता. लहानपणी मागांच्या शेडमध्ये पत्र्याच्या कैच्यांवर असाच थर बसायचा आणि वडील ठिणगी पडू नये म्हणून दर रविवारी तो झाडून घ्यायचे. इथे तो थर गॅसच्या आगीपासून हातभर अंतरावर होता. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजाने २००८ ते २०१० या काळात घरगुती ड्रायरच्या वर्षाला २,९०० आगी लागल्या आणि सफाई न करणं हे त्यांचं सगळ्यात मोठं कारण होतं. माणसं ड्रायरच्या दारातली लिंटची जाळी पुसतात आणि झालं असं समजतात.

मग आजींना खाली पाठवलं, नवा फ्यूज बसवला, कार्बन मोनॉक्साइडचं, म्हणजे अर्धवट जळण्यातून होणाऱ्या बिनवासाच्या विषारी वायूचं, मीटर हातात घेतलं आणि दहा मिनिटं मशीन चालवलं. ते मीटर पहिल्या दिवशीही बॅगेतच होतं. कपाटाच्या दाराशी ६२ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६२ भाग. आजींच्या उशीपाशी ४१. ज्योत निळी राहिली नव्हती, पिवळ्या टोकाने नळीबाहेर चाटत होती.

मशीन बंद केलं, गॅसचा कॉक फिरवला, खिडक्या उघडल्या आणि आजींना शेजाऱ्यांकडे नेऊन बसवलं. तिथे विचारलं, "आजी, डोकं दुखतं का हो?" म्हणाल्या, "दुपारी जड होतं. नवा चश्मा आहे ना. आणि मळमळतं थोडं, इकडचं दूध मानवत नाही मला." कपडे कधी धुता? सोमवारी आणि गुरुवारी. डोकं कधी जड होतं? त्या जरा वेळ गप्प बसल्या, बोटं मोजली आणि म्हणाल्या, "सोमवारी होतंच."

मुलगा धावत आला. जिन्यातला अलार्म दाखवत म्हणाला, "हा का नाही वाजला?" बटण दाबलं तर व्यवस्थित वाजला. तो बिघडलेला नव्हता. हे घरगुती अलार्म ७० पीपीएम सलग एक ते चार तास राहिले तर वाजतात. ३० पीपीएमला तर त्यांनी महिनाभर वाजू नये असंच त्यांचं मानक आहे. मुलाने कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर आणून आजींच्या बोटाला लावलं. ९७ आलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मला त्याला सांगावं लागलं की ते यंत्र रक्ताला चिकटलेला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड वेगळे ओळखत नाही. "आत्ता इमर्जन्सीत न्या, रक्त तपासा आणि ड्रायर, गॅस हे शब्द वापरून सांगा." तो निघाला. रात्री उशिरा आजी घरी आल्या, ठीक आहेत.

दोन दिवसांनी बर्फ उतरल्यावर छपरावर चढलो. नवं छप्पर घालणाऱ्यांनी ड्रायरचं झडपेचं तोंड काढून तिथे साधं, जाळीचं झाकण बसवलं होतं, बाथरूमच्या हवेला लावतात तसं. ड्रायरच्या तोंडाला जाळी चालत नाही, हे इथल्या बांधकामाच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, कारण जाळीवर लिंट बसतो. तीन महिन्यांत त्या जाळीचं जाड नमद्यासारखं बूच झालं होतं. नखाने धरून ओढलं तर अखंड गोल निघालं, वर बर्फाचा थर. सुबक काम होतं, कौलं सरळ रेषेत, सिलिकॉनची रेघ एकसारखी. फक्त या पाइपातून काय येतं हे एकाही माणसाने खालच्यांना विचारलं नव्हतं. झडपेचं तोंड बसवलं, डक्ट ब्रशने झाडला, मागे धातूचा कडक नळ लावला आणि मशीन तासभर चालवलं. मीटर शून्यावर.

आता माझ्या झोपेच्या आड येतं ते हे. पहिल्या भेटीआधी कॉइल कमजोर होती, म्हणून बर्नर सतरा-अठरा मिनिटांत थकून विझायचा. त्या घरात जेवढा वायू साठायचा तो तेवढ्यापुरताच. मी नव्या कॉइल घातल्या आणि तीच आग पूर्ण जोमाने चाळीस-पन्नास मिनिटं जळू लागली, त्याच बंद डक्टमध्ये, त्याच आजींच्या भिंतीपलीकडे. खराब कॉइल त्या घराची राखण करत होती आणि ती मी काढली. चौथ्या दिवशी फ्यूज उडाला नसता, तर तो सोमवार आणि त्यानंतरचा गुरुवार कसा गेला असता, याचा हिशेब मी गाडी चालवताना करत बसतो.

कंपनीत सांगितलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला की पहिला बिघाड तू बरोबर शोधलास, दोष छपरावाल्याचा. कागदावर ते खरं आहे. दुसऱ्या भेटीचे पैसे मी लावले नाहीत, आजींनी डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली ती घेतली.

पहिल्या दिवसाच्या बिलाची प्रत अजून गाडीत आहे. "हीट ओके" लिहिण्याआधी मी वीस मिनिटं तिथे ज्योत बघत पडलो होतो. आजींच्या खोलीचं दार उघडं होतं, खिडकी माझ्या उजव्या हाताला, चार पावलांवर. तेव्हा काच घामेजली होती की नव्हती, किती आठवलं तरी आठवत नाही.