वासोटा: समोरच्या डोंगरावरून झालेला तोफांचा मारा समजून घेताना

एप्रिल १८१८ मध्ये जनरल प्रिट्झलरच्या इंग्रज फौजेने समोरच्या जुना वासोटा या डोंगरावर उखळी तोफा चढवून वासोटा किल्ल्यावर मारा केला आणि किल्ला शरण आला, एवढे वाचून ठाऊक होते. तोफांच्या मोर्च्यासाठी हीच जागा का निवडली असावी, हे प्रत्यक्ष पाहायचे म्हणून आम्ही चौघे जानेवारीत साताऱ्याहून पहाटे निघालो.

कासमार्गे बामणोली गाठून वनखात्याचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी ओळखपत्र जवळ असू द्यावे. बोट पूर्ण ठरवावी लागत असल्याने मोठा गट असल्यास खर्च विभागला जातो. शिवसागर जलाशयातून दीड तासाने किल्ल्याच्या पायथ्याचे मेट इंदवली येते. तिथे प्लास्टिकच्या वस्तू मोजून घेतात आणि परतताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

चढणीवर वाळक्या पाचोळ्यावरून पाय सारखे सटकत होते. पाठीवर दोन बाटल्या पाणी असतानाच दम लागत होता. मग अशाच रानातून तोफा आणि दारूगोळा वर नेणाऱ्या माणसांचे काय हाल झाले असतील, हा विचार शेवटपर्यंत मनातून गेला नाही.

किल्ल्याच्या बाबूकडा नावाच्या कड्यावर उभे राहिल्यावर उत्तर मिळाले. मधे खोल दरी आणि पलीकडे जुना वासोटा. सरळ मारा करणाऱ्या तोफेचा गोळा इथे कातळावर आपटून वाया जातो, कारण कडा हाच या गडाचा तट आहे. उखळी तोफेची नळी मात्र आखूड आणि तोंड आभाळाकडे असते. तिचा दारूने भरलेला पोकळ कुलपी गोळा उंच उडून तटाआड वरून कोसळतो. पल्ला दारूच्या मापावर आणि फुटण्याची वेळ वातीच्या लांबीवर ठरते. पडक्या वाड्याच्या चौथऱ्यापाशी हे नीट उमगते. त्या वेळी हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी याच गडावर कैदेत होते, म्हणजे गोळे स्वतःच्या माणसांच्याही डोक्यावर पडत होते.

अनेक जण कड्यावर फोटो काढून लगेच वळतात. तसे न करता दुर्बीण घेऊन समोरचा माथा निवांत न्याहाळावा. जुन्या वासोट्यावर मात्र स्वतःहून जाऊ नये. रान दाट आहे, गवे आणि अस्वले आहेत. पावसाळ्यात किल्ला बंद असतो. दुपारी दोनच्या सुमारास उतरायला लागावे, म्हणजे अंधारापूर्वी बामणोलीला पोहोचता येते.