ओम्नीचं हेड गॅस्केट घरी बदललं, पण जीव काढला तो हेड फेसिंगने

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधली पातळ सील, घरच्या घरी बदलता येतं का असं ज्यांना वाटतंय त्यांना आधीच सांगतो, येतं. माझी मजल तोपर्यंत ऑइल बदलणे आणि प्लग साफ करणे एवढीच होती, इंजिन कधी खोललं नव्हतं, तरी जमलं. खोलणं आणि जोडणं आपल्या हातात असतं हो, पण मध्ये एक काम दुसऱ्याकडे द्यावंच लागतं, हेड फेसिंगचं, म्हणजे हेडचा तळ मशीनवर सपाट करून घेण्याचं, आणि तिथे माझं डोकं इतकं फिरलंय की अजूनही तालुक्याला गेलो की त्या वर्कशॉपच्या गल्लीतून जात नाही.

गाडी म्हणजे आमची जुनी ओम्नी, कार्बोरेटरवाली, 796 सीसी, तीन सिलेंडर. आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला, थांबलो, पाणी घातलं, कसाबसा घरी आलो. नंतर बाहेर कुठे थेंब गळत नाही तरी रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय. सकाळी थंड इंजिनवर झाकण काढून स्टार्ट केलं तर आत बुडबुडे थांबतच नव्हते, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर, जो गाडी गरम झाल्यावरही चालूच. ऑइलच्या झाकणाखाली दुधी चिकटा होताच, पण एक सांगतो, आपल्याकडे हवा दमट आणि गाडी घर ते बाजार एवढीच फिरत असेल तर झाकणाला थोडा पांढरा फेस असाही धरतो, तेवढ्यावरून घाबरू नका, डिपस्टिक काढून बघा. माझ्या डिपस्टिकवरही तेच दुधाळ ऑइल, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळतंय, गॅस्केट गेलं, विषय संपला.

गॅरेजवाला म्हणाला सीझन झाल्यावर घेऊ. सीझन झाल्यावर मला गाडी काय पूजेला ठेवायची होती? म्हणून स्वतःच बसलो.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे सीट उलटवली की इंजिन समोर, पण हात घालायला जागा म्हणाल तर नाही. प्रत्येक पाइप आणि वायर काढायच्या आधी मोबाइलमध्ये फोटो, आणि चिकटपट्टी लावून त्यावर नंबर. टायमिंग बेल्ट काढायच्या आधी मार्क जुळवून घ्या आणि त्यावर पांढरा रंग लावा. खाऱ्या वाऱ्याने एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट असे गंजले होते की पाना लावला की कडा सरायला लागल्या, तिथे जोर करू नका, स्टड तुटला की वेगळाच खर्च. डब्ल्यूडी फॉर्टी मारून रात्रभर सोडले, सकाळी परत मारलं, मग थोडं घट्ट-थोडं सैल असं करत निघाले. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असतानाच सोडायचे, बाहेरून आत, प्रत्येकाला थोडं थोडं फिरवत. गरम हेड काढलं की ते वाकतं, अॅल्युमिनियम आहे ते.

हेड उचललं आणि कारण दिसलं. दोन आणि तीन नंबर सिलेंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट जळून काळं झालेलं, आणि पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्लेल्या. आमची विहीर खाडीजवळ, उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं, आणि वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये जातंय. कूलंटचा डबा महाग वाटतो ना, तो हेडपेक्षा स्वस्त आहे.

आता फेसिंग. हेड सपाट आहे की नाही हे बघायला त्यावर सरळ धारेची पोलादी पट्टी उभी ठेवायची आणि खालून फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा, त्यातली पाती सरकवायची, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्यांत. या इंजिनला मर्यादा 0.05 मिलीमीटरची. माझ्या हेडमध्ये मध्यभागी त्याच्या दुपटीची पाती आरामात जात होती. म्हणून हेड घेऊन तालुक्याला एका लेथवाल्याकडे गेलो, नाव घेत नाही. माणूस गोड बोलणारा. "ठेवा हयसर, उद्या येवा." उद्या गेलो. "लाइट नाय हुती, उद्या येवा." ठीक, लाइट आपल्याकडे जातेच. मग मशीनवर कुणाचा तरी पंपाचा शाफ्ट चढलेला. मग शिमगा आला. शटर अर्धं खाली, आत एक पोरगा मोबाइल बघत बसलेला, म्हणाला, "मालक मांडार गेले." बरं, शिमगा आहे, मांड (गावाची शिमग्याला जमायची जागा) सुटत नाही, रोंबाट (शिमग्याची वाजतगाजत निघणारी मिरवणूक) बघायला मीपण गेलो असतो, त्याबद्दल काही नाही. पण फोन उचलायला काय जातं? आणि एकदा तर फोनवर स्वतः म्हणाला, काम झालंय, घेऊन जावा. एसटीने गेलो, बघतो तर माझं हेड जिथे ठेवलं होतं तिथेच, कोपऱ्यात, त्याच गोणपाटावर, वर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवलेला. तो ग्लास मी उचलून बाजूला ठेवला आणि शांतपणे विचारलं, कुठे झालंय? तर म्हणे, "ता दुसऱ्याचा झाला, माका वाटला तुमचाच."

इकडे बागेत आंबा तयार होत होता, पेट्या न्यायला भाड्याचा टेम्पो, आणि अंगणात ओम्नी तोंड उघडून उभी, वरून ताडपत्री. वडील रोज सकाळी ताडपत्रीकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत, ते जास्त लागायचं.

शेवटी मी ठरवलं की आता मशीनवर चढेपर्यंत हलायचं नाही. सकाळी जाऊन स्टुलावर बसलो. दुपारनंतर हेड चढलं. उतरल्यावर चकाचक दिसत होतं, कुणीही फसलं असतं. मी पिशवीतून पट्टी आणि फीलर काढला तसा त्याचा चेहरा बदलला. लांबीत ठीक. एका तिरक्यात 0.05 ची पाती दोन आणि तीनच्या मध्ये सुळकन आत. परत घातली, परत आत. त्याला म्हटलं हात लावून बघा. तो बघतच नाही, हसतो. "अवो एवढा चलता, गॅस्केट दाबान घेता." मी म्हटलं दादा, गॅस्केट दाबून घेत असतं तर पहिलं जळलंच नसतं, तेही इथेच जळलंय. मग म्हणे जास्त काढलं तर कॉम्प्रेशन वाढेल. हे खरं आहे, गरजेपेक्षा जास्त धातू काढायचा नसतो, पण म्हणून वाकडं द्यायचं असं नाही ना! आवाज थोडा वाढला माझा, शेजारचा वेल्डिंगवाला बघायला आला, त्याने पाती घालून बघितली आणि फक्त एवढंच म्हणाला, "जाता हा रे." त्याच्या या तीन शब्दांनी जे झालं ते माझ्या सगळ्या फेऱ्यांनी झालं नव्हतं. हेड परत चढवलं, अगदी हलका हात फिरवला, आणि यावेळी पाती कुठेच जाईना.

तर पैसे द्यायच्या आधी तिथेच, त्याच्यासमोर तपासा. फीलर गेज स्वस्त मिळतो, स्वतःचा न्या, त्यांचा मागू नका. आणि हेड देताना नंबर पंच करून किंवा रंगाने खूण करून द्या, "ता दुसऱ्याचा झाला" हे ऐकायला नको.

घरी आल्यावर हेड रॉकेलने, मग पेट्रोलने धुतलं, ब्रशने प्रत्येक भोक, कारण लेथचा चुरा आत राहिला तर बेअरिंगची वाट. ब्लॉकवरचं जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा, पॉलिश पेपरच्या चाकाने नको. बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल साचलेलं असतं ते पूर्ण काढा, मी सायकलचा पंप वापरला. तिथे पाणी राहिलं आणि बोल्ट आवळला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. गॅस्केटला काही लावायचं नाही, ना ग्रीस ना अनाबॉन्डसारखा सीलंट. काकांनी अॅल्युमिनियम पेंटचा डबा आणून ठेवला होता, त्यांना बरं वाटावं म्हणून त्याने फाटकाची कडी रंगवली. बोल्ट आवळताना उलट क्रम, मधून बाहेर, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), एकदम नाही तर टप्प्याटप्प्याने, आकडा आपल्या इंजिनच्या मॅन्युअलमधला. टॉर्क पाना विकत घेऊ नका, गाडीकामवाल्या ओळखीतल्याकडून एक दिवस आणा.

आणि हो, हे वर सांगायला हवं होतं, गॅस्केट का गेलं ते न शोधता नवीन टाकलंत तर तेही जाणार. माझा रेडिएटर निम्मा चोंदलेला निघाला, तो साफ करून घेतला. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून फेका, गाडी गरम होणार नाही, असं सांगणारे दहा भेटतील, ऐकू नका. आईच्या जुन्या टोपात पाणी तापवून त्यात सोडून बघा, उघडतोय की नाही लगेच दिसतं. माझा उघडत नव्हता. टोप मात्र आता स्वयंपाकघरात परत घेत नाहीत.

कूलंट भरताना ओम्नीत हवा अडकते, कारण रेडिएटर पुढे आणि पाइप लांब, तेव्हा गाडी तोंड चढावर करून उभी करा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवा, बुडबुडे संपेपर्यंत भरत राहा. ऑइल लगेच बदला, आणि थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा बदला, पहिल्यात पाण्याचा अंश येतोच.

पेट्या भरून फोंडा घाट चढलो, काटा मध्यावर. वडील शेजारी बसले होते, घाट संपल्यावर म्हणाले आता ब्रेक पण बघून टाक.