एकाच फळ्यावर दोन नोंदी

दाभोळ खाडीकाठच्या आपल्या शाळेत मी आठवीला आले. त्याआधीच्या एका शाळेत अफजलखानाचा धडा सुरू झाला की मागच्या बाकांवरून माझ्या नावाने कुजबुज व्हायची. वर्गात मुसलमान मुलगी मी एकटीच. गुरुजींनाही ती ऐकू जात असणार, पण ते पुढचा परिच्छेद वाचायला सांगत. इथेही तेच होणार असं धरून मी खिडकीकडेची जागा पकडली होती.

इतिहासाच्या बाईंनी इस्लामची सुरुवात केली ती भूगोलाच्या नकाशावर. नैर्ऋत्येचे वारे ओसरताना अरबांची जहाजं आपल्या किनाऱ्याला लागत आणि ईशान्येचे वारे सुटले की माल भरून परत निघत. मग चौल, कोकण किनाऱ्यावरचं जुनं बंदर. 916 च्या सुमाराला मसूदी नावाचा अरब प्रवासी तिथे आला तेव्हा शिलाहार राजा झंझ याच्या राज्यात सुमारे 10 हजार मुसलमान राहत होते, आणि त्यांचे आपसातले तंटे मिटवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. शिवरायांच्या जन्माआधी 700 वर्षं! इतिहासाच्या तासाला माझी मान पहिल्यांदा वर झाली ती त्या दिवशी.

रमजान चालू असताना बाईंनी अब्बांना वर्गात बोलावलं. अब्बा बोटीवर नोकरीला होते, तेव्हा सुट्टीवर आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, टेबलाच्या कडेला हात टेकून उभे राहिले आणि रोजा, जकात, हज हे सगळं घरी बोलतात त्याच भाषेत सांगितलं. एका मुलाने विचारलं, "काका, तुमचा रमजान दरवर्षी पुढेमागे कसा होतो?" अब्बा म्हणाले, "आमचं वर्ष निव्वळ चंद्राचं, म्हणून अकरा-एक दिवसांनी लहान. तुमच्यासारखा अधिक महिना आम्ही घालत नाही. त्यामुळे रमजान तेहतीसेक वर्षांत पावसाळा, थंडी, उन्हाळा सगळं फिरून येतो." मग मुलं थांबेनातच. तहान लागली तर काय, आजारी माणसाने काय करायचं, लहान पोरांना रोजा असतो का. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी उठेना.

नववीतला एक तास मला अजून जसाच्या तसा दिसतो. बाईंनी फळ्यावर 1679 लिहिलं आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे : औरंगजेबाने जिझिया, म्हणजे बिगरमुसलमानांवरचा कर, पुन्हा लादला. उजवीकडे : खांदेरी, मुंबईजवळच्या समुद्रातलं बेट. तिथे शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान मायनाक भंडाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून लढत होता, आणि समोर मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी कासम. "आता कोण कोणाच्या बाजूने, तुम्हीच सांगा," एवढंच बाई म्हणाल्या. वर्गात जी चर्चा पेटली! भंडारवाड्यातली मुलं मायनाकासाठी तावातावाने बोलत होती आणि दौलतखानाची बाजू माझ्याआधी त्यांनीच घेतली.

बाईंनी काही लपवलं नाही, याचं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं. फोडलेली देवळं, संगमेश्वरला संभाजीराजांची झालेली धरपकड, 1689 मधला त्यांचा छळ आणि वध, सगळं नीट शिकवलं. फक्त ते ज्याने केलं त्याचं नाव घेऊन शिकवलं. त्यामुळे औरंगजेबाचा हिशेब माझ्याकडे मागायला पुन्हा कोणी आलं नाही.

आज मी स्वतः इतिहास शिकवते. पाठ्यपुस्तकात या सगळ्याला जागा थोडी आणि परीक्षेत गुण त्याहून थोडे, हे मला ठाऊक आहे. तरी दरवर्षी 1679 ची ती रेघ मी फळ्यावर मारतेच. शाळेला एक विनंती आहे : नववीची सहल एकदा लांब न नेता दाभोळच्या आदिलशाही मशिदीत न्या, चार मिनार आणि घुमट मुलांना जवळून पाहू द्या. तिथून केळशीला जा, आणि महाराजांनी मान दिलेल्या याकूतबाबांच्या दर्ग्यापाशी बसूनच तो धडा घ्या. तारीख कळवलीत तर मी रजा टाकून येईन.