थांबणाऱ्या कुत्रीला किती गुण?

“तुझी बेरीज पक्की आहे का गं?” शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून विचारलं. मी दोरीवरचे कपडे उडून जायच्या आत गोळा करत होते. विचिटाचा वारा असा, की टॉवेलला चार चिमटे लावले तरी तो तिसऱ्या घरी सापडतो. मी म्हटलं, बेरीज पक्की आहे, तीसपर्यंत पाढेही पाठ आहेत. “मग शनिवारी पहाटे पाचला तयार राहा. बूट जाड घाल.”

एवढंच आमंत्रण. कॅन्ससमध्ये येऊन मला सहा वर्षं झाली. नवरा विमानाच्या कारखान्यात आहे (या गावात निम्म्या ओळखीच्यांचा नवरा नाहीतर बायको विमानाच्या कारखान्यातच असते). आजी सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, आणि घरात त्या आणि पेनी अशा दोघीच. पेनी म्हणजे त्यांची ब्रिटनी जातीची कुत्री. पांढऱ्यावर नारिंगी ठिपके, शेपूट बोटभर. पक्षी हुडकणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा असते, तिथे गुण मांडायला बसणारा माणूस आजारी पडला होता आणि त्याच्या जागी माझी वर्णी लागली होती.

आता माझं कुत्र्यांविषयीचं ज्ञान सांगते. आजोळ माण तालुक्यातलं. आजोबांकडे कारवानी कुत्रा होता, बरगड्या मोजाव्यात असा सडपातळ. ससा दिसला की तो जे सुटायचा ते थेट क्षितिजापर्यंत. चांगला कुत्रा म्हणजे पळणारा कुत्रा, ही व्याख्या डोक्यात घट्ट. त्यामुळे गाडीत मी आजींना विचारलं, “पेनी फार जोरात पळते का?” आजी हसल्या. “पळतात सगळेच. गुण थांबण्याला असतात.”

शहर सोडून पूर्वेला निघालं की तासाभरात फ्लिंट हिल्सच्या टेकड्या लागतात. नांगर न लागलेलं उंच गवताळ रान. जमिनीखाली चकमकीचे दगड असल्यामुळे इथे कुणाला शेती करता आली नाही, म्हणून गवत वाचलं. नोव्हेंबरात ते तांबूस होतं, बाजरीची कापणी राहून गेल्यासारखं दिसतं. पोचलो तेव्हा दहिवर पडलेलं होतं, ट्रकांच्या मागच्या पिंजऱ्यांतून वीस-पंचवीस कुत्री एकाच वेळी केकाटत होती आणि एका टेबलावर कॉफीचा भलामोठा थर्मास. त्या थर्मासशेजारची खुर्ची माझी.

स्पर्धा नॅशनल शूट टू रिट्रीव्ह असोसिएशनच्या नियमांनी चालणारी. नियम ऐकायला सोपे आहेत. साधारण चाळीस एकरांचं रान. त्यात पाच लावे लपवायचे. चिठ्ठ्या टाकून कुत्र्यांच्या जोड्या लावायच्या. एका वेळी एक जोडी, एक फेरी अर्ध्या तासाची, दोन्ही कुत्री एकाच रानात तेच पक्षी शोधणार. मालक मागून पायी, अंगात डोळ्यात खुपणारं नारिंगी जाकीट, हातात बंदूक. प्रत्येकाच्या मागावर एकेक परीक्षक. कुत्र्याने पक्ष्याचा वास घ्यायचा आणि जागच्या जागी दगड व्हायचं. याला ‘पॉइंट’ म्हणतात. मग मालक पुढे जाऊन गवतात पाय मारतो, लावा फडफडत उठतो, मालक गोळी झाडतो, आणि पडलेला पक्षी कुत्र्याने तोंडातून आणून हातात द्यायचा.

लावा म्हणजे आपलाच लावा नव्हे, त्याचा अमेरिकी भाऊबंद. ‘बॉब-व्हाइट’ असं ओरडतो म्हणून नावही बॉबव्हाइट. स्पर्धेसाठी ते पाळून वाढवलेले असतात. पक्षी लपवायला चारचाकी फटफटीवरून एक पोरगा जातो, त्याच्याबरोबर मी एक चक्कर मारली. त्याने खोक्यातून लावा काढला, त्याची मान अलगद पंखाखाली घातली, दोन-चार वेळा झुलवला आणि गवताच्या बुंध्याशी ठेवून दिला. पक्षी गुंगल्यासारखा तिथेच बसून राहिला. एक माझ्या हातात दिला. मुठीएवढा, गरम, आणि आत काळीज असं धडधडत होतं की हात आपोआप सैल झाला. तो लावा उडून गेला. पोरगा काही बोलला नाही, दुसरा काढला. नंतर कळलं, असे उडालेले किंवा आधीच्या फेरीतून वाचलेले पक्षीही रानातच असतात आणि पुढच्या कुत्र्याला सापडले तर मोजले जातात. म्हणजे माझ्या घाबरटपणाचा कुणाला तरी फायदा झाला असणार.

गुणपत्रिका मात्र पाहण्यासारखी. शोधलेल्या प्रत्येक पक्ष्याला जास्तीत जास्त १००. आणून दिलेल्या प्रत्येक पक्ष्याला जास्तीत जास्त १००. रान किती आणि कसं पालथं घातलं याला १००, पण ते एकदाच. आज्ञाधारकपणाला ७५, तेही एकदाच. आणि ‘बॅकिंग’ला ७५. दोनशे गुणांचा पक्षी समोर बसलेला असताना असल्या किरकोळ रकान्यांनी काय फरक पडणार, असं मला वाटलं. दुपारपर्यंत ते मत बदललं.

शोधण्याचे १०० म्हणजे सरसकट १०० नव्हेत. पॉइंट कसा धरला, वास कळल्यावर कुत्रा ठाम राहिला की पक्ष्यावर सरकत गेला, मालक पोचेपर्यंत दम धरला का, हे सगळं परीक्षकाच्या नजरेत. मध्येच उडी मारून लावा उठवला तर तो पक्षी गेला, गुणही गेले. आणून देण्यातही तसंच. थेट हातात दिला तर उत्तम. चार पावलांवर टाकला, वाटेत रेंगाळला, चावून लगदा केला, तर कापाकापी. चांगल्या कुत्र्याचं तोंड मऊ लागतं. मालकाचा नेम चुकला तर आणून देण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे कुत्र्याने पेपर अचूक सोडवावा आणि पालकांनी फी भरायला विसरावं, तसला प्रकार. मालकाकडे वळून पाहणाऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत तेव्हा जे काही असतं, त्याला रकाना नाही.

शिट्ट्या आणि हाका हा आज्ञाधारकपणाचा हिशेब. ज्याचा मालक अर्धा तास बेंबीच्या देठापासून ओरडतो, त्याला पन्नासच्या पुढे गुण मिळताना मी पाहिले नाहीत. आजी तर जवळजवळ मुक्याच होत्या. एक शिट्टी, डावा हात वर, पेनी वळली.

आणि वारा! जो वारा माझे टॉवेल पळवतो, तोच इथे अर्धं काम करतो. कुत्रा वाऱ्याच्या तोंडावर जाताना सरळ जात नाही, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे आडवे पट्टे घेत पुढे सरकतो, पेरणीच्या तासांसारखे. वास आडवा आला की धावता धावता मान गर्रकन वळते आणि उरलेलं शरीर तिच्यामागे. सकाळी दहिवर वितळताना वास धरून राहतो म्हणे. उन्हं चढून गवत कोरडं झालं की चांगली चांगली कुत्री लाव्यावरून उडी मारून जातात. म्हणून चिठ्ठीत कितवी फेरी निघते, यावरही बरंच अवलंबून असतं, आणि त्याबद्दल कुरकुरणारी माणसं कॉफीच्या टेबलापाशीच येतात.

पेनीची फेरी तिसरी. जोडीला एक इंग्लिश पॉइंटर, उंचापुरा, पांढरा, कानांवर तपकिरी रंग. सुटला तो वाऱ्यासारखा. आजोबांचा कारवानी आठवला. पहिल्या दहा मिनिटांत त्याने दोन लावे धरले. पेनीचा एक. मग रानप्लमच्या झुडपांपाशी पॉइंटर पुन्हा थांबला. एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक पुढे. त्याच वेळी पलीकडच्या उंचवट्यावरून पेनी धावत वर आली, तिने त्याला पाहिलं आणि होती तिथेच थिजली. दोघांत साठेक पावलांचं अंतर. वारा तिच्या पाठीकडून, म्हणजे तिला पक्ष्याचा वास येण्याचा संबंधच नाही. तिला फक्त दुसरा थांबलेला दिसला होता, आणि तो थांबलाय म्हणजे काहीतरी आहे, एवढ्या भरवशावर ती थांबली. लावा उठला, गोळी झाली, नेम चुकला, पक्षी टेकडीपार. पेनी तशीच. आजी सावकाश चालत गेल्या, तिच्या गळपट्ट्याला हात लावला आणि तिला दुसरीकडे नेलं.

हेच ते बॅकिंग. दुसऱ्याच्या शोधाचा मान राखायचा. न राखता पुढे घुसून त्याचा पक्षी लाटायला जाणाऱ्या कुत्र्याला इथे कुणी धडाडीचं म्हणत नाही, त्याची स्पर्धा तिथेच आटोपू शकते.

परीक्षकांची कार्डं माझ्याकडे आली. पेनी: शोध दोन, ९० आणि ८६. आणून देणं ८४ आणि ९५. रान पालथं घालणं ७२. एकूण ४२७. पॉइंटर: शोध तीन, ६८, ७४, ६५. आणून देणं दोनच, ५८ आणि ७१. रान ९१. एकूण तेही ४२७! मी बेरीज दोनदा केली, मग बोटांवर केली. आता उरले ते किरकोळ रकाने. आज्ञाधारकपणा: पेनी ६६, पॉइंटर ४३. बॅकिंग: पेनी ७०, पॉइंटरला काही नाही, कारण त्याला तशी संधीच आली नाही. ५६३ विरुद्ध ४७०.

इथे मला नियम थोडा अन्यायाचा वाटला, आणि परतताना मी तो वादही घातला. दुसरा कुत्रा तुमच्या डोळ्यांसमोर पॉइंट धरेल की नाही, हे तुमच्या हातात नाही. मग त्या रकान्यात शून्य का? आजींचं उत्तर असं, की लावा कुठल्या गवतात ठेवलाय तेही कुणाच्या हातात नसतं. मला हे काही फारसं पटलं नाही. पण बॅकिंगचे ७० काढून टाकले तरी पेनी ४९३ वर होतीच, म्हणून गप्प बसले.

वाटेत आजींनी जुन्या गोष्टी काढल्या. इंग्लंडात अशी पहिली स्पर्धा १८६५ साली बेडफर्डशरमधल्या साउथहिलला झाली, अमेरिकेत १८७४ साली मेम्फिसजवळ. टेनेसीतल्या ग्रँड जंक्शनची राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे या लोकांची पंढरी. तिथे फेरी तब्बल तीन तासांची, माणसं घोड्यांवर, पक्षी रानातले आणि तेही मारायचे नाहीत, नुसता बार काढायचा. ती तीनदा जिंकणारी पहिली कुत्री मेरी मॉन्ट्रोज, १९१७, १९१९ आणि १९२० साली. “कुत्री,” आजींनी त्या शब्दावर जोर दिला. तिथे बेरजा नसतात, परीक्षक बघतात आणि ठरवतात. “मग तुझं काम नाही तिथे.”

पेनीने याआधी अमेरिकन केनेल क्लबची ‘ज्युनियर हंटर’ परीक्षाही दिली आहे. ती आपल्या शाळेसारखी. चार विषय, प्रत्येकी दहापैकी गुण, कुठल्याही विषयात पाचाखाली गेलात तर नापास, आणि सरासरी सात हवी. अशी परीक्षा चारदा पास झालात की पदवी. तिथे शर्यत कुणाशी नाही. शूट टू रिट्रीव्हमध्ये मात्र पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ अशी कमाई साठवत जायची आणि १८ झाले की कुत्रा चॅम्पियन. आजींच्या वहीत त्या शनिवारी पेनीचे ११ झाले.

माझी चूक सांगायची राहिली. बेरजा मी मनात मराठीत करते, आणि घाईत फळ्यावरही मराठीत लिहून बसले. आपला एक यांना नऊ दिसतो, आपला सात म्हणजे यांचा अर्धवट सहा. चौथ्या फेरीनंतर एक गृहस्थ फळ्यासमोर डोकं वाकडं करून उभे होते, त्यांच्या कुत्र्याला एवढे गुण कसे, या आनंदात. त्यांचा तो आनंद मला पुसावा लागला, अक्षरशः, ओल्या फडक्याने.

शिकारीबद्दल घरी आईला फोनवर काय सांगायचं, हा वेगळाच पेच. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने लावा, तितर सगळ्यांना संरक्षण. आजोबांच्या रानात फासे लावणारे पारधी पोलिसांना पाहून पळायचे, ते मी लहानपणी पाहिलंय. त्याच लाव्याच्या चुलतभावाला इथे मी कागदावर गुण देत बसले होते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्या पाखरांचं पुढे काय करतात?”

खातात. निघताना आजींनी चार लावे साफ करून पिशवीत घालून दिले. मी काळं तिखट आणि सुकं खोबरं लावून सुकं केलं, एका वाटीत आजींना दिलं. नवऱ्याच्या तिसऱ्या घासाला दाताखाली कट्कन वाजलं. त्याने छर्रा काढून बशीत ठेवला, मोहरीएवढा. आम्ही दोघं तो बशीत गडगडवत बसलो होतो तेवढ्यात कुंपणावरून हाक आली. आजींचं नाक लाल, डोळ्यांतून पाणी, हातात रिकामी वाटी.

“दोन आठवड्यांनी पुन्हा आहे. येशील?”

मी हो म्हटलं.

“आकडे आमचे लिही. आणि हे जे काय केलंस ते जास्त कर.”