तात्रा: पोलंडमधून चढाई, स्लोव्हाकियात उतराई

पोलंड-स्लोव्हाकिया सीमेवरच्या तात्रा पर्वतासाठी विमान तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघा. स्लोव्हाकियाच्या बाजूला १ नोव्हेंबर ते ३१ मे उंचावरच्या वाटा बंद असतात. पोलंडमध्ये अशी सरसकट बंदी नाही. पर्वत एकच, पण राष्ट्रीय उद्यानं दोन: स्लोव्हाकियाचं १९४९ चं, पोलंडचं १९५४ साली जाहीर झालेलं. दोघांचे नियम वेगळे, म्हणून आखणी सीमेनुसार करावी लागते. आम्ही सप्टेंबर निवडला.

पोलंडमधल्या झाकोपाने गावाहून सकाळच्या पहिल्या मिनीबसने पालेनित्सा गाठलं, जिथून पायी वाट सुरू होते. स्वतःची गाडी असेल तर तिथलं पार्किंग आधीच ऑनलाइन घ्यावं लागतं. पुढे मोर्स्किए ओको तलावापर्यंत आठ-नऊ किलोमीटर डांबरी रस्ता आहे. घोडागाड्या मिळतात, पण धडधाकट माणसाने त्यात बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चढावर घामाने निथळणारे घोडे पाहवत नाहीत. जमलं तर तलावाकाठच्या हटमध्येच मुक्काम करा, म्हणजे पहाटे निघता येतं. बुकिंग मात्र फार आधी संपतं.

तलावापासून रिसी शिखराचा माथा अकराशे मीटर वर आणि चढायला साधारण चार तास. वरच्या टप्प्यात कातळात साखळ्या ठोकल्या आहेत. सकाळी त्या ओल्या आणि बर्फगार असतात, नुसत्या हाताने धरल्या की बोटं बधिर होतात. पकड असलेले हातमोजे न्याच, आणि हेल्मेटही, कारण वरच्यांच्या पायाखालून दगड सुटतात. दुपारी ढग गडगडायला लागण्याआधी साखळ्या मागे पडल्या पाहिजेत. ऑगस्ट २०१९ मध्ये जवळच्या गिएव्होंत शिखरावर वीज पडून माणसं दगावली; तिथल्या माथ्याशीही अशाच साखळ्या आहेत.

२,४९९ मीटरचा रिसी हा पोलंडचा सर्वोच्च माथा. त्याला लागूनच स्लोव्हाकियातलं टोक किंचित उंच आहे. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, तरी पासपोर्ट सॅकमध्ये हवाच. पलीकडे उतरू लागलात की खर्चाचा हिशोब बदलतो: झ्लॉटीऐवजी युरो, आणि महत्त्वाचं म्हणजे बचावकार्य. पोलंडचं पर्वतीय बचाव पथक पैसे घेत नाही, स्लोव्हाकियात बिल तुमच्या नावावर येतं आणि हेलिकॉप्टर आलं तर ते भलतंच मोठं असतं. आपल्याकडच्या साध्या प्रवास विम्यात हे बहुधा धरलेलं नसतं. ‘डोंगरातला बचाव’ समाविष्ट आहे का, ते पॉलिसीत वाचून घ्या.

माथ्याखाली २,२५० मीटरवर एक हट आहे. तिथलं सामान आजही माणसं पाठीवर वाहतात. उतरताना एक हमाल समोरून आला. लाकडी चौकट त्याच्या डोक्याच्याही वर गेलेली, तिच्यावर खोकी दोरांनी आवळलेली. घसाऱ्यावर एकेक पाऊल तो आधी दाबून बघायचा, मगच भार टाकायचा. आम्ही कडेला सरकून वाट दिली. स्लोव्हाकियातल्या पोप्राद्स्के प्लेसो तलावाच्या बाजूने चढणाऱ्यांना खालच्या फाट्यावरून थोडं सामान वर नेता येतं आणि वर त्याबद्दल चहा मिळतो. मी त्या बाजूने गेलो तर नक्की नेईन.

पोप्राद्स्के प्लेसोहून तासाभरात तात्राची छोटी इलेक्ट्रिक रेल्वे गाठता येते. ती स्तारी स्मोकोव्हेत्सला नेते, मुक्कामाला हे गाव सोयीचं. झाकोपानेला परतायची थेट बस मात्र वर्षभर नसते. तिचं वेळापत्रक घरून निघण्यापूर्वीच तपासा.