कॅसेटवरून उतरवलेलं फुटेज एडिटिंगला तयार करणं : ठाण्यातल्या कामाची चौथी नोंद

मंडळी, टेपा उतरवून झाल्या, आता पुढचा टप्पा. हाताशी तीन प्रकारचा माल आहे: नौपाड्यातल्या मुंजीची व्हीएचएस (यूएसबी कार्डाने उतरवलेली), वाशीच्या लग्नाच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी, आणि कोपरीतल्या एका सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेट). प्लेअरमध्ये सगळं नीट चालतं. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकलं की मात्र कुठे अडखळतं, कुठे आवाज गायब होतो, कुठे आडव्या रेषा उमटतात.

अडखळण्याचं कारण साधं आहे. डीव्हीडीच्या एमपेग-2 कोडेकमध्ये (चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीत) साधारण बारा फ्रेममागे एकच फ्रेम पूर्ण साठवलेली असते, बाकीच्या शेजारच्या फ्रेमवरून बनतात. मागे-पुढे सरकवताना सॉफ्टवेअरला दर वेळी ती जुळणी करावी लागते. म्हणून एडिटिंगसाठी प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असलेला कोडेक घ्यायचा: प्रोरेस 422 किंवा डीएनएक्सएचआर एसक्यू. आवाज 48 किलोहर्ट्झ, 16 बिट पीसीएम (न दाबलेला). डीव्हीडीचा एसी-3 आवाज बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतच नाही, तो प्रश्नही यातच सुटतो.

खरी मेहनत इंटरलेसिंगवर (एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत साठवण्याच्या पद्धतीवर) घ्या. आपल्याकडचं जुनं चित्रण पाल या जुन्या टीव्ही-पद्धतीचं, 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम. पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड (एकाआड एक रेषांची अर्धी चित्रं) असतात आणि ती वेगवेगळ्या क्षणी टिपलेली असतात. म्हणजे सेकंदाला 50 क्षण. रूपांतरात 25 ठेवले की हालचालीचा निम्मा ऐवज गेला. मिरवणुकीतलं लेझीम दोन्ही प्रकारे काढून शेजारी लावून बघा. पंचवीसमध्ये हात तुटक उडतात, पन्नासमध्ये कॅसेट टीव्हीवर लावल्यासारखे वाहतात. म्हणून नियम ठरवला: इंटरलेस्ड फुटेज 50 प्रोग्रेसिव्हमध्येच (सेकंदाला 50 पूर्ण चित्रं) काढायचं. एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये फील्ड सोडवणारा बीडब्ल्यूडिफ फिल्टर आपोआप 50 देतो; याडिफ मात्र वेगळं सांगितलं नाही तर 25 देतो, तिथेच अनेक जण फसतात.

त्याआधी फील्डचा क्रम तपासा. मिनीडीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, अॅनालॉग कार्डाच्या फाइलमध्ये बहुधा वरचं. फाइलवरच्या लेबलवर विसंबू नका. हा क्रम ओळखणारा आयडेट फिल्टर 500 फ्रेमवर चालवा, पण भाग जोरदार हालचालीचा निवडा. सत्यनारायणाच्या पूजेला बसलेली माणसं दिली तर त्याला खात्रीने काही ठरवता येत नाही. मग 10 सेकंदांचा तुकडा 50 मध्ये काढून एकेक फ्रेम पुढे न्या. हात एकाच दिशेने सरकला तर क्रम बरोबर; पुढे-मागे थरथरला तर उलटा. ही पाच मिनिटं वाचवायला गेलात तर तासन्‌तासाचं काम पुन्हा करावं लागेल.

फिल्टरचा क्रमही महत्त्वाचा. आधी डीइंटरलेस (फील्ड सोडवणं), मग 4:2:2 मध्ये (रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या मांडणीत) बदल, मग आकार. उलट केलं तर दोन्ही फील्डचे रंग एकमेकांत मिसळतात आणि लाल कडांना दातेरी पट्टे येतात. आकारासाठी बाजूंचे 8-8 पिक्सेल कापून 704 रुंदी करा आणि 768 बाय 576 वर न्या, म्हणजे चौकोनी पिक्सेलमध्ये बरोबर 4:3 मिळतं. व्हीएचएसच्या तळाशी जी फाटकी पट्टी दिसते, ती इथे कापू नका, टाइमलाइनवर झाका. रंगाचं लेबलही लावा. एसडीचे (जुन्या, कमी रेझोल्यूशनच्या चित्राचे) रंग 601 मानकाचे असतात. सॉफ्टवेअरने ते एचडीच्या 709 चे समजून वाचले तर शालूचा लाल नारिंगीकडे झुकतो.

जागेचा हिशेब: मूळ डीव्ही तासाला सुमारे 13 जीबी, प्रोरेस 422 पन्नास फ्रेमला ढोबळ 35 ते 40 जीबी. ड्राइव्ह फॅट-32 असेल तर 4 जीबीला फाइल थांबते; एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. लाइट जाण्याची भीती असेल तर आधी एमकेव्ही प्रकारची फाइल काढा. एमओव्ही फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच संगणक बंद पडला तर अख्खी फाइल वाया जाते.

डीव्हीडीवरच्या व्हीओबी फाइल एकेक करून बदलू नका, 1 जीबीच्या प्रत्येक सांध्यावर आवाज तुटतो. मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने पूर्ण टायटल एका फाइलमध्ये घ्या, मग रूपांतर. व्हीसीडी सोपी: 352 बाय 288, इंटरलेसिंग नाही, डीइंटरलेसर लावूच नका. आवाज 44.1 किलोहर्ट्झ असतो, तो 48 वर आणा.

मुंजीच्या फाइलमध्ये आवाज सरकत होता. सुरुवातीची एक घंटा आणि शेवटची एक घंटा घेऊन दोन्हीकडचा फरक मोजायचा. इथे तो तासाला 18 फ्रेम (25 च्या हिशेबाने) निघाला, म्हणजे 0.72 सेकंद. आवाज मागे पडत फरक सावकाश वाढत असेल तर आवाजाचा वेग 1.0002 पट करा. एका जागी अचानक उडी असेल तर तिथे फ्रेम गळल्या आहेत. त्याच जागी कापून जुळवा, वेग बदलून उपयोग नाही. आवाज एकाच कानात येत असेल तर तो चॅनेल दोन्हीकडे द्या. खरखर काढणं नंतर.

डा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टचा दर 50 आधी लावा, मग क्लिप आत घ्या. एकदा माल आत गेला की तो दर बदलता येत नाही. चित्र 16:9 भरायला ताणू नका, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. थरथरत्या व्हीएचएसवर क्यूटीजीएमसी हा डीइंटरलेसर बीडब्ल्यूडिफपेक्षा नक्कीच सरस आहे, पण फार संथ. ते फक्त निवडलेल्या क्लिपांना.

दोन फाइल बाद कराव्या लागल्या. उतरवताना सॉफ्टवेअर 480 रेषा आणि 30 फ्रेमवर राहिलं होतं. नुसत्या जादा फ्रेम असत्या तर दर सहातली एक काढून 25 परत मिळाल्या असत्या, पण इंटरलेस्ड चित्र 576 वरून 480 वर दाबलं की दोन्ही फील्ड कायमची कालवली जातात. कुठलाही फिल्टर ती सोडवत नाही. त्या दोन कॅसेट या आठवड्यात पाल सेटिंग तपासून पुन्हा उतरवायच्या आहेत.